मांडव सोडण्याआधी

पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली

प्रिय एक्झिट फंक्शन,

गावाकडे आलो की कुणी ना कुणी विचारतंच, पुण्यात नेमकं काय करतोस. ‘कंप्युटरचं काम’ एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. या खेपेला भावकीतल्या एका आबांनी मात्र पिच्छा सोडला नाही. कंप्युटरचं म्हणजे काय, पुसतोस का दुरुस्त करतोस? शेवटी मी म्हणालो, “आबा, मशीनच्या पोटात काही कामकरी मधेच येतात आणि काम झालं की जातात. जाताना त्यांनी घेतलेलं सगळं परत द्यायला पाहिजे, आणि मागं राहिलेल्यांच्या अंगावर काही पडायला नको. ते नीट जातात का, एवढं मी बघतो.” आबांनी सुपारी कातरता कातरता थोडा विचार केला आणि म्हणाले, “मग असं म्हण की, मांडववाल्याचं काम.”

पंधरा वर्षं मी तुला लिहितोय, खोडतोय, पुन्हा लिहितोय. इतकी नेमकी ओळख तुझी कुणी करून दिली नव्हती. म्हणून आज कोडऐवजी पत्र. मराठीत ‘फंक्शन’ नपुंसकलिंगी, पण तुला मांडववाला म्हटल्यावर ‘अरे’ म्हणणंच बरं पडेल.

आमच्याकडे सप्त्याची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते आणि मग पंगतीमागून पंगती. शाळेत असताना मी वाढपी होतो. पत्रावळी, पाणी, वरण असं करत करत मोठी पोरं पुढे गेली की शेवटी माझ्या हातात मिठाची वाटी यायची. मांडववाला खांबाला टेकून बसलेला असे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावातलं लग्न त्याने धरलेलं असायचं, त्यामुळे घाई त्याला असायचीच. तरी त्याचा एक क्रम कधी मोडत नसे. आधी तो दाराशी एक माणूस उभा करी: आता नवी पंगत बसवू नका. मग बसलेले लोक उठायची वाट बघे. मग खरकटं निघे. मग कनात, बल्ब, वायर, खांब, जे शेवटी लावलं ते आधी सुटे. आणि सगळं टेम्पोत भरून झाल्यावरही तो निघत नसे, कारण पातेली घासायला गेलेली त्याची दोन पोरं ओढ्यावरून आलेली नसायची.

हे शेवटचं नीट लक्षात ठेव. त्या दोन पोरांकडे मी परत येणार आहे.

पत्र अनावृत आहे, तेव्हा तुझ्या आडून इतरही वाचणार. त्यांच्यासाठी थोडं. मशीन चालू असताना प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क यांची वाटणी करणारा सगळ्यात आतला कारभारी म्हणजे कर्नल. लिनक्सच्या कर्नलला चालू असतानाच एखादा अवयव जोडता येतो, वायफायचा ड्रायव्हर म्हणा, एखादी फाइल सिस्टिम म्हणा. तो अवयव म्हणजे मॉड्यूल. ‘इन्समॉड’ म्हटलं की तो आत येतो आणि त्याचं इनिट फंक्शन चालतं. ‘आरएममॉड’ म्हटलं की तुझी पाळी. इनिटच्या वेळी वाजतगाजत स्वागत असतं. तुझ्या वेळी मात्र चूक झाली तरच लोकांना तुझं नाव कळतं.

साधा प्रोग्राम बेफिकीर असला तरी खपतं. त्याने मेमरी घेतली, परत दिली नाही आणि मध्येच मेला, तर कर्नल मागून येऊन सगळं गोळा करतो. पोराने खेळणी पसरावीत आणि आईने उचलावीत, तसं. कर्नलच्या आत मात्र आई नाही. ‘केमॅलॉक’ने घेतलेला तुकडा तू ‘केफ्री’ने परत केला नाहीस, तर तुझं मॉड्यूल गेल्यावरही तो तसाच पडून राहतो. त्याचा मालक उरलेला नसतो आणि दुसऱ्या कुणाला तो मिळतही नाही. मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत ती जागा पडीक.

याला गळती म्हणतात आणि नवशिके तिलाच सगळ्यात जास्त घाबरतात. माझं मत वेगळं आहे. गळती हा उधारीचा प्रकार आहे. हळूहळू चढते, दिसते, आणि ती शोधायला कर्नलमध्ये ‘केमेमलीक’ नावाचा हिशेबनीस २००९ पासून बसलेला आहे. स्वतःचा स्लॅब, म्हणजे एकाच मापाच्या तुकड्यांची कोठी, मोडताना आत काही राहिलं तर कर्नल लॉगमध्ये ओरडून सांगतो की वस्तू अजून शिल्लक आहेत. खरी भीती उलट चुकीची. मेमरी सोडली, आणि ती कुणीतरी अजून वापरतंय.

माझ्या आजोबांच्या ट्रंकेत जुनी पत्रं आहेत. सगळ्यांवर पत्ता, ‘मु. पो. पुसेगाव, जि. परभणी’. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला, पण नातेवाइकांच्या वहीतला पत्ता काही त्या दिवशी बदलला नाही. परभणी लिहिलेली पत्रं पुढेही येत राहिली, कारण टपाल वाटणारा माणूस होता आणि माणसाला कळतं. पुण्यात तर पुसेगाव म्हटलं की लोक सेवागिरी महाराजांचं, साताऱ्याकडचं पुसेगाव धरतात. मला दर वेळी ‘तिकडचं नव्हे, हिंगोलीचं’ असं सांगावं लागतं. कर्नलमध्ये असं सांगणारा कुणी नाही. पॉइंटर म्हणजे निव्वळ एक आकडा. त्या आकड्याच्या घरात काल तू होतास, आज दुसरं बिऱ्हाड आहे. जुना आकडा हातात धरून कुणी आत शिरला, तर त्याला अडवलं जात नाही. तो निमूटपणे दुसऱ्याच्या पिठाच्या डब्यात मीठ टाकून येतो. आणि भाकरी बिघडते ती दोन तासांनी, भलत्याच चुलीवर.

म्हणून चाचणीच्या मशीनवर आम्ही एक सोय चालू करतो. सोडलेल्या तुकड्यात कर्नल ६बी हा बाइट ठासून भरून ठेवतो. क्रॅशच्या अहवालात ६बी६बी६बी६बी अशी रांग दिसली की समजावं, कुणीतरी सोडलेल्या घरात गेला होता. मी ती रांग पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला सव्वीस वर्षं पूर्ण व्हायची होती, आणि ती माझ्याच चुकीने आली होती.

ड्रायव्हर साधा होता. दर दोन सेकंदांनी टायमर वाजायचा आणि उपकरणाची विचारपूस करायचा. तुझ्यात मी टायमर रद्द केला आणि खालच्याच ओळीत मेमरी सोडली. कागदावर निर्दोष. पण टायमर ‘रद्द’ करणं म्हणजे पुढची घंटा काढून घेणं. आधीची घंटा ऐकून दुसऱ्या प्रोसेसरवर त्याचं फंक्शन त्या क्षणी धावत असेल, तर ते थांबत नाही. शेकडो वेळा मॉड्यूल काढलं-घातलं की एकदा कधीतरी ही गाठ पडायची आणि मशीन आडवं व्हायचं. ग्राहकाकडे पडायचं, आमच्याकडे नाही. दोन आठवडे आम्ही केबल बदलत बसलो होतो. इलाज एका शब्दाचा होता. टायमर काढायचं जे ‘सिंक’वालं फंक्शन आहे, ते धावत्या फंक्शनचं संपेपर्यंत थांबतं. इंटरप्ट परत करणारं ‘फ्री_आयआरक्यू’ही तसंच, दुसऱ्या प्रोसेसरवर चाललेला हँडलर आटोपल्याशिवाय परत येत नाही. कामाच्या रांगेला ‘कॅन्सल_वर्क_सिंक’ आहे. या सगळ्या नावांमागे एकच गोष्ट आहे, ताटावर बसलेल्याला उठवू नये.

पुढचा फास मला कळायला आणखी काही वर्षं गेली. टायमर वाजला की तो एक काम रांगेत टाकतो. ते काम संपता संपता पुन्हा टायमर लावतं. तू आधी टायमर थांबवलास तर काम तो पुन्हा लावणार. आधी काम थांबवलंस तर टायमर ते पुन्हा रांगेत घालणार. दाराशी माणूस उभा केलाय, पण मागच्या दाराने आचारीच पाव्हणे आणतोय. लोक झेंडे लावायचे, दोनदा थांबवायचे, देवाचं नाव घ्यायचे. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ६.२ कर्नलने यावर ‘टायमर_शटडाउन_सिंक’ दिलं. ते एकदा म्हटलं की त्या टायमरला नंतर कुणीही कितीही लावायला बघितलं तरी तो लागतच नाही, आणि लावणाऱ्याला कसली तक्रारही ऐकू येत नाही. लिनक्सला लोडेबल मॉड्यूल येऊन तोवर पाव शतकाहून जास्त काळ झाला होता. इतक्या उशिरा ही कडी दाराला बसली, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

आता पंगतीकडे.

कर्नलमध्ये काही याद्या अशा असतात की हजार जण वाचतात आणि एखादाच कधीतरी बदलतो. नेटवर्कचे मार्ग घे. प्रत्येक वाचणाऱ्याला कुलूप लावायला सांगितलं तर सगळं मशीन कुलपापाशीच रांग लावून उभं राहील. त्यावर जी युक्ती निघाली तिला आरसीयू म्हणतात. पॉल मॅकेनी हे तिचे प्रमुख शिल्पकार, आणि २००२ च्या ऑक्टोबरमध्ये २.५.४३ या आवृत्तीत ती लिनक्समध्ये आली. ती आत यावी म्हणून ज्यांनी खपून काम केलं त्यांत आयबीएमचे दीपंकर शर्मा होते, भारतात बसून काम करणारे.

युक्ती ऐकशील तर म्हणशील, हे तर आमच्या सप्त्यात बघितलंय. वाचणारा कुलूप लावत नाही, फक्त बसतो आणि जेवून उठतो. ज्याला यादीतली एखादी वस्तू काढायची आहे, तो आधी यादीतून तिचं नाव काढतो, म्हणजे नव्याने येणाऱ्याला ती दिसत नाही. पण आधीच बसलेल्याच्या पानात ती वाढलेली आहे. म्हणून तिची मेमरी लगेच सोडत नाही. त्या क्षणी बसलेली पंगत उठेपर्यंत थांबतो आणि मग सोडतो. यात बारकावा आहे तो असा की नंतर बसलेल्यांची वाट बघायची गरज नसते, त्यांच्या पानात ती वस्तू आलेलीच नाही. नाहीतर सप्त्यात जेवणारे काही कधी संपत नाहीत, आणि मांडववाला आषाढीपर्यंत तिथेच बसला असता. दुसरं म्हणजे कोण कुठे बसलाय याची मोजदाद आरसीयू ठेवत नाही. प्रत्येक रांग एकदा तरी रिकामी झालेली दिसली, म्हणजे प्रत्येक प्रोसेसरने एकदा तरी हातातलं काम बदललं, की तेवढ्यावरून ते ओळखतं: त्या वेळी बसलेले सगळे उठले.

थांबायचे दोन मार्ग आहेत. ‘सिंक्रोनाइझ_आरसीयू’ म्हटलं की स्वतः दाराशी ताटकळत उभं राहायचं. ज्याला तेवढा वेळ नाही तो ‘कॉल_आरसीयू’ म्हणतो, म्हणजे एका पोराला निरोप देऊन ठेवतो: ही पंगत उठली की एवढ्या पत्रावळी उचल. आणि आपण पुढच्या कामाला लागतो. मॉड्यूल चालू असताना असे शेकडो निरोप सुटलेले असतात. कोणते पोहोचले, कोणते वाटेत आहेत, कुणी बघत नाही, आणि बघायची गरजही नसते.

मग तुझी वेळ येते. तू शहाण्यासारखा नवे निरोप बंद करतोस, ‘सिंक्रोनाइझ_आरसीयू’ म्हणून पंगत उठायची वाट बघतोस, आणि निघतोस. तरीही मशीन कोसळतं. का?

कारण पंगत उठली, पण पोरं अजून ओढ्यावर आहेत. पत्रावळी उचलण्याची वेळ झालीय एवढंच ठरलं. उचलून झाल्या असं कुणी म्हटलेलं नाही. आणि इथे एक गोष्ट आहे जी तुझ्याबद्दल लिहिणारे बरेच लोक विसरतात: तू स्वतःही मेमरीच आहेस. तू, इनिट, ते पत्रावळी उचलणारं फंक्शन, सगळा कोड मॉड्यूलच्या जागेत राहतो, आणि तू शेवटची ओळ संपवून परत गेलास की कर्नल ती जागाच सोडतो. निरोप्या चार मिलिसेकंदांनी येतो, हातात पत्ता असतो ‘अमुक ठिकाणचं फंक्शन चालव’, आणि तिथे कोड नसतो. बाकीचे माल परत करून जातात. तुला ज्या खांबाला धरून उभा आहेस तोही सोडून जायचं असतं.

यावरचा इलाज ‘आरसीयू_बॅरियर’. आतापर्यंत दिलेले सगळे निरोप पार पडेपर्यंत ते थांबतं. त्याचा जन्म तुझ्यासाठी झालेला नाही, ही गोष्ट मला फार आवडते. निकिता डॅनिलॉव्ह नावाच्या फाइल सिस्टिमवाल्याला अनमाउंट करताना अशा काहीतरी सोयीची गरज भासली, आणि ती दीपंकर शर्मांनी लिहून दिली. पुढे मॅकेनी आरसीयूला छळून बघणारं ‘आरसीयूटॉर्चर’ हे चाचणी-मॉड्यूल लिहीत होते. ते काढताना ते स्वतःच या खड्ड्यात पडले, आणि तेव्हा लक्षात आलं की दुसऱ्याच्या घरासाठी केलेली ही शिडी इथेही चालते. म्हणजे ज्याने पंगतीचा नियम घालून दिला, त्याच्याही मांडवात पोरं ओढ्यावर राहिली होती. २००७ साली त्यांनी यावर स्वतंत्र लेख लिहिला. तो आज कर्नलच्या दस्तऐवजांत आहे, आणि नव्या माणसाला मी सगळ्यात आधी तोच वाचायला देतो. क्रम चुकला तर बॅरियरही कामाचं नाही, हेही त्यात आहे. आधी नवे निरोप बंद, मग बॅरियर, मग प्रस्थान. निरोप चालू ठेवून बॅरियर म्हणणं म्हणजे पोरं मोजायची आणि मोजून झाल्यावर आणखी एकाला ओढ्यावर धाडायचं.

वाटलं होतं, इथे हा विषय संपला. नुसती मेमरी सोडणं एवढाच निरोप असेल तर ‘केफ्री_आरसीयू’ ही आणखी सुटसुटीत सोय आहे. तिचं उचलणारं फंक्शन कर्नलच्या स्वतःच्या घरात राहतं, मॉड्यूलमध्ये नाही, त्यामुळे तू गेलास तरी कोड जागेवर असतो. २०२४ च्या जूनमध्ये ज्यूलिया लॉल यांनी ठिकठिकाणचे ‘कॉल_आरसीयू’ काढून ही सोय बसवायचे बदल पाठवले. दिसायला निव्वळ झाडलोट. पण ‘वायरगार्ड’ लिहिणाऱ्या जेसन डोनेनफेल्ड यांनी बोट ठेवलं: मॉड्यूलची स्वतःची स्लॅब कोठी असेल आणि तू ती मोडून टाकलीस, तर त्या कोठीतले तुकडे परत करायला निघालेले निरोप कुठे जाणार? जुना ‘आरसीयू_बॅरियर’ या निरोपांसाठी थांबत नव्हता, ते वेगळ्या गठ्ठ्यात बांधले जात. बरीच डोकी एकत्र आली आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरमधल्या ६.१२ कर्नलमध्ये त्यांच्यासाठी वेगळा बॅरियर आला. कोठी मोडायच्या आधी तो आता चालवला जातो. मॅकेनींच्या लेखाला तोवर सतरा वर्षं झाली होती. त्या जूनमध्ये मी स्वतःचा एक जुना ड्रायव्हर उघडून बघितला. त्यात हीच चूक होती. कधी पडला नव्हता, एवढंच.

आता तू म्हणशील, एवढा खटाटोप कशाला, मॉड्यूल काढायचंच कशाला? तसं म्हणणारे मोठमोठे लोक झाले आहेत. २००२ च्या सुमारास मॉड्यूल भरण्याची यंत्रणा रस्टी रसेल यांनी नव्याने लिहिली, तेव्हा पूर्ण सुरक्षितपणे मॉड्यूल काढणं इतकं अवघड आहे की ती सोयच मोडीत काढावी का, अशी चर्चा त्यांनी गंभीरपणे केली होती. सोय राहिली, पण कर्नल बांधताना ती बंद ठेवायचा पर्याय आहे. ज्याला इनिट आहे आणि तू नाहीस असं मॉड्यूल तर मुळी निघतच नाही, ते घरजावई. ज्याचा वापर चालू आहे असं मॉड्यूलही कर्नल काढू देत नाही. ‘एलएसमॉड’च्या यादीत शेवटच्या रकान्यात तो आकडा दिसतो. जबरदस्तीने काढायचा एक पर्याय आहे, आणि तो कर्नल लिहिणाऱ्यांसाठी आणि हताश झालेल्यांसाठी आहे असं त्याच्या वर्णनातच म्हटलंय. तो वापरलास तर कर्नल स्वतःवर एक डाग लावून घेतो. नंतर कसलीही तक्रार घेऊन गेलास की लोक आधी तो डाग बघतात. आणि तोच ड्रायव्हर मॉड्यूल न ठेवता कर्नलमध्येच बांधून टाकला, तर तुला टाकूनच देतात. घरातल्याला निघून जायचं कुठे असतं?

तरी तू लागतोसच. चालत्या सर्व्हरवर ड्रायव्हरची नवी आवृत्ती घालायची म्हणजे आधी जुनी काढायची. आम्ही तर दिवसातून पन्नास वेळा काढतो-घालतो, दर वेळी मशीन पुन्हा सुरू केलं तर महिन्याचं काम वर्षाला जाईल. आणि एक उदाहरण तर घरापासून फार लांबचं नाही.

औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला लायगो-इंडिया उभं राहतंय, हे आता हिंगोलीत पोराटोरांना माहीत आहे. पंतप्रधानांनी ११ मे २०२३ ला कोनशिला बसवली. खर्च २,६०० कोटींचा. चार-चार किलोमीटरचे दोन हात, काटकोनात. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाश किंचित ताणलं जातं, ते या हातांच्या टोकांना टांगलेल्या आरशांवरून मोजायचं. अमेरिकेत अशी दोन यंत्रं आहेत, हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टनला. आपल्याकडचं तिसरं त्याच आराखड्याचं, आणि त्याचे मुख्य भाग मुळात हॅनफर्डच्या दुसऱ्या यंत्रासाठी केलेले. जागा आमची धरली, सोयाबीन आणि हळदीच्या रानातली, याचा मला अभिमान वाटतो आणि सांगायची संधी मी सोडत नाही.

पण लोकांना माहीत नसलेली गोष्ट अशी. चाळीस किलोचा प्रत्येक आरसा काचेच्या तंतूंना टांगलेला असतो आणि त्याला सतत सावरावं लागतं. ते सावरणारे प्रोग्राम लायगोमध्ये लिनक्सची कर्नल मॉड्यूल म्हणून चालतात. शास्त्रज्ञ सिम्युलिंकमध्ये आकृती काढतात, तिच्यावरून सी कोड तयार होतो, आणि त्याचं मॉड्यूल. बहुतेकांची फेरी सेकंदाला १६,३८४ वेळा, आणि उपकरणांशी थेट बोलणाऱ्याची ६५,५३६ वेळा; म्हणजे एका फेरीला जेमतेम पंधरा मायक्रोसेकंद. इतक्या वेळात लिनक्सचा नेहमीचा कारभार मध्ये आलेला परवडत नाही. म्हणून प्रोसेसरचा एक अख्खा कोअर लिनक्सकडून काढून त्या मॉड्यूलला देऊन टाकतात. तिथे ते एकटंच घाण्याच्या बैलासारखं फिरत राहतं. रॉल्फ बोर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये या साऱ्याची मांडणी छापली आहे, आणि कोडही खुला आहे.

अशा मॉड्यूलमध्ये तुझं काम किती नाजूक, बघ. तुला नुसती मेमरी परत द्यायची नाही, कोअरही परत द्यायचाय. आणि त्या कोअरवर अजून तुझाच कोड फिरतोय, त्याला लिनक्स हाक मारू शकत नाही, कारण तिथे लिनक्स नाहीच. म्हणून थांबण्याची खूण एका ठिकाणी लावून ठेवायची, घाण्याला चालू फेरी पूर्ण करून ती दिसू द्यायची, थोडं थांबायचं, मग कोअर लिनक्सच्या स्वाधीन करायचा. शिवाय हे मॉड्यूल आपला डेटा बाहेरच्या प्रोग्रामना सामायिक मेमरीतून देतं. आकडे टिपणारा प्रोग्राम तिथे वाचत बसलेला असतो. आरसा सावरणारा गेला म्हणून वाचणाऱ्याच्या पायाखालची जमीन काढून चालत नाही. त्यासाठी ती मेमरी एका वेगळ्याच छोट्या ड्रायव्हरकडे ठेवतात आणि कोणत्या भागाला किती जणांनी धरलंय हे तो मोजतो. शेवटचा हात सुटला की मगच जागा मोकळी.

या शेवटच्या गोष्टीवरून एक बोलायचं राहिलंच. गेली काही वर्षं ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना एक आराम मिळालाय. टेजून हिओ यांनी २००७ मध्ये आणलेल्या पद्धतीने मेमरी घेतली की उपकरण सुटं झाल्यावर ती आपोआप परत जाते, तुला एक ओळही लिहावी लागत नाही. चांगलंच आहे, मीही वापरतो. पण त्याने एक आळस आलाय. यूएसबीची तार कुणीतरी उपटली, उपकरण गेलं, मेमरी आपोआप गेली, आणि त्या उपकरणाची फाइल उघडून बसलेला प्रोग्राम मात्र अजून आहे. त्याने वाचायला हात घातला की पुन्हा ६बी६बी. मांडव भाड्याने आणला म्हणून तो आपोआप सुटतो हे खरं, पण त्या दोरीला कुणी झोळी बांधून लेकरू निजवलंय का, हे दोरीला कळत नाही. ते कुणीतरी माणसानेच बघावं लागतं.

संध्याकाळ होत आलीय आणि बाहेरून हाका येतायत. आज इथल्या सप्त्याचा काला होता. पंगती दुपारीच उठल्या. मांडववाला जुनाच आहे, आता त्याचा मुलगा सोबत येतो. कनात निघाली, बल्बांच्या माळा गुंडाळून झाल्या, टेम्पोचं इंजिन एकदा चालू होऊन बंदही झालं. मी खिडकीतून विचारलं, “निघालात का?” तो म्हणाला, “दोन पोरं यायचीत.”

तुझा,
एक वाढपी

ता. क. तुझ्यातल्या जुन्या ओळींत अजून ‘डेल_टायमर_सिंक’ लिहिलेलं असेल. २०२५ मध्ये ते नाव कर्नलमधून काढून टाकलं, आता ‘टायमर_डिलीट_सिंक’ म्हणायचं. सोमवारी पुण्यात पोहोचलो की आधी तेवढं बदलतो.